उरुशी: ओलाव्यात घट्ट होणारा चीक

जपानी हस्तकलांविषयी मराठीत लिहिले जाते, तेव्हा त्या काळ्याभोर, आरशासारख्या चकचकीत वाट्यांचा आणि पेट्यांचा उल्लेख बहुधा ‘लाखेचे काम’ असाच केला जातो. ही चूक मुळात आपली नव्हे. भारतातली लाख पोर्तुगीजांच्या भाषेतून युरोपात पोहोचली, तिच्या नावावरून ‘लॅकर’ हा शब्द तयार झाला आणि पुढे पूर्व आशियातल्या चकचकीत वस्तू पाहिल्यावर युरोपीयांनी त्यांनाही तेच नाव देऊन टाकले. आपल्याकडे तो शब्द इंग्रजीच्या वाटेने परत आला आणि आपण त्याचे भाषांतर पुन्हा ‘लाख’ असे केले. प्रत्यक्षात या दोन पदार्थांत नावाखेरीज फारसे साम्य नाही. लाख ही किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर तयार केलेली राळ आहे. ती उष्णतेने मऊ होते, थंड झाली की घट्ट होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेनेच ती लाकडावर पसरते. जपानी कारागीर ज्या पदार्थाने वस्तू रंगवतात तो मात्र एका झाडाचा चीक आहे. त्याला तिथे ‘उरुशी’ म्हणतात. तो एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही आणि स्पिरिटमध्ये किंवा आम्लातही सहसा विरघळत नाही. शिवाय घट्ट होण्यासाठी त्याला कोरडी नव्हे, तर दमट हवा लागते. या एका विचित्र वाटणाऱ्या गुणधर्मावर ही सगळी कला उभी आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करणे योग्य ठरेल.

उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले आहे. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलातले तेल हाताची साले काढते आणि बिब्बा तर अंगावर ‘उततो’, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. उरुशीचा चीक याच जातीचा आहे. त्यातल्या मुख्य द्रव्याला ‘उरुशिओल’ म्हणतात. त्वचेवर पुरळ आणणारी बिब्ब्यातली द्रव्येही रासायनिक रचनेने त्याची जवळची नातलग आहेत. ओला उरुशी हाताळणाऱ्या नवशिक्याच्या अंगावर पुरळ उठते, खाज सुटते आणि डोळे सुजतात. अनेकांना काही काळाने त्याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. घट्ट झालेला उरुशी मात्र निरुपद्रवी असतो. ज्या पदार्थाला उघड्या हाताने स्पर्श करायला लोक घाबरतात, त्याचेच आवरण असलेल्या वाटीला ओठ लावून जपानी माणूस रोज सकाळी मिसो सूप पितो. एकाच पदार्थाच्या या दोन अवस्थांमध्ये नेमके काय घडते, हे समजले की या कलेतल्या बाकीच्या गोष्टींचा उलगडा होत जातो.

झाडातून निघालेला ताजा चीक दुधासारखा पांढुरका असतो. त्याचा निम्म्याहून अधिक भाग, जपानी चिकात साधारण ६० टक्क्यांहून जास्त, उरुशिओल असतो. उरलेल्या भागात बहुतांश पाणी, थोडा डिंक आणि अगदी अल्प प्रमाणात ‘लॅकेज’ नावाचे विकर असते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. पीठ आंबण्यामागे आणि अन्न पचण्यामागे असतात त्याच वर्गातला हा पदार्थ आहे. उरुशिओल तेलकट असल्यामुळे पाणी त्यात मिसळत नाही. ते अतिशय बारीक थेंबांच्या रूपाने तेलात विखुरलेले राहते आणि लॅकेज या थेंबांच्या आश्रयाने काम करते. त्याच्या रेणूत तांब्याचे अणू असतात. त्यांच्या मदतीने ते उरुशिओलमधून इलेक्ट्रॉन काढून हवेतल्या ऑक्सिजनकडे सोपवते. इलेक्ट्रॉन गमावलेले उरुशिओलचे रेणू अस्थिर होतात आणि शेजारच्या रेणूंशी जोडले जातात. अशा जोडण्या वाढत गेल्या की अखेरीस सगळ्या लेपाचे एकच दाट विणलेले जाळे बनते. हे जाळे म्हणजेच घट्ट झालेला उरुशी. त्यातून उडून जाण्यासारखे फारसे काही नसते, त्यामुळे खरे तर तो ‘वाळत’ नाही. जपानी भाषेतही कारागीर बोलताना ‘वाळणे’ हेच क्रियापद वापरतात, पण ते सोयीपुरते.

आता दमट हवा का लागते, ते ध्यानात येईल. हवा कोरडी असेल तर ते सूक्ष्म थेंब आटून जातात, विकराचे काम थांबते आणि लेप कितीही दिवस ठेवला तरी चिकटच राहतो. म्हणून लेप दिलेली वस्तू ‘फुरो’ किंवा ‘मुरो’ नावाच्या लाकडी कपाटात ठेवतात. त्याच्या आतल्या फळ्या पाण्याने ओल्या करतात आणि आतली हवा साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला व ७० ते ८५ टक्के आर्द्रतेला राखतात. कोकणातल्या भर पावसाळ्यातील बंद खोलीची कल्पना केली, तर या कपाटातल्या हवेचा अंदाज येईल. आपल्याकडे रंगारी ज्या दिवसांत तेलरंगाचे काम घ्यायला नाखूष असतो, तेच दिवस उरुशीला मानवतात. थंडी फार वाढली तर विकर मंदावते आणि उष्णता फार वाढली तर ते निकामी होते. याच्यावर एक आडवाट मात्र जपानी कारागिरांनी फार पूर्वी शोधली होती. शंभर अंशांच्या बरेच वर तापवले तर उरुशी विकराशिवायही घट्ट होतो. चिलखतांच्या लोखंडी पत्र्यांवर तो असाच भाजून चढवला जात असे.

या विकराचा शोध आधुनिक रसायनशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली दाखवून दिले की, उरुशी घट्ट करणारा पदार्थ उष्णतेने निकामी होतो, म्हणजेच तो विकरासारखा वागतो. पुढे फ्रेंच संशोधक गाब्रिएल बेर्त्राँ यांनी त्याला ‘लॅकेज’ हे नाव दिले आणि उरुशिओलची रेण्वीय रचना रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत उलगडली. लॅकेज गटातली विकरे पुढे बुरशांमध्येही सापडली आणि आज जीन्सच्या कापडाचा निळा रंग फिका करण्यासाठीसुद्धा ती वापरली जातात. कारागिरांनी अर्थातच यातले काहीही माहीत नसताना हजारो वर्षे अचूक काम केले होते. होक्काइदोमधील काकिनोशिमा येथील एका दफनात सापडलेल्या उरुशी लावलेल्या धाग्यांच्या वस्तू सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. शेती रुजण्याच्या कितीतरी आधीपासून जपानी बेटांवरच्या माणसांना हा चीक ओळखीचा होता.

चीक मिळवणे हेच मोठे जिकिरीचे काम आहे. झाड साधारण १० ते १५ वर्षांचे झाले की त्यावर पहिला घाव घालता येतो. जून ते ऑक्टोबर या काळात चीक काढणारा माणूस दर चार-पाच दिवसांनी त्याच झाडाकडे परत येतो आणि वाकड्या पात्याच्या हत्याराने आधीच्या चरीच्या वर थोडी अधिक लांब चर पाडतो. हंगामाच्या शेवटी खोडावर या चरींचे उलटे त्रिकोण उमटलेले दिसतात. चर पाडली की झाड जखम भरून काढण्यासाठी चीक सोडते, आणि तो थेंबाथेंबाने खरवडून लाकडी पिंपात जमा केला जातो. एकदम खोल घाव घातला तर झाड लवकर मरते. अगदीच हलका घातला तर ते चीक सोडत नाही. झाडाला धक्का बसावा पण ते सावरावे, अशा बेताने घाव वाढवत नेण्यात त्या माणसाचे कौशल्य असते. एवढे करून पूर्ण हंगामात एका झाडापासून सुमारे २०० ग्रॅम चीक मिळतो, म्हणजे जेमतेम पेलाभर. आणि जपानमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत त्या एका हंगामानंतर ते झाड तोडले जाते. या पद्धतीचे जपानी नावही ‘मारून खरवडणे’ याच अर्थाचे आहे. ऐकायला ते निष्ठुर वाटते, पण तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आणि मुळांतून नवे धुमारे फुटतात आणि त्यांतूनच पुढची झाडे वाढवली जातात.

काढलेला चीक थेट वापरला जातो तो मुख्यतः अस्तरासाठी. वरच्या लेपांसाठी तो आधी गाळतात. मग रुंद भांड्यात सावकाश ढवळून त्याचा पोत एकसारखा करतात आणि मंद उष्णतेवर त्यातले पाणी ३ टक्क्यांच्या आसपास आणतात. उष्णता वाढली तर विकर मरेल, म्हणून तापमान सुमारे ४० अंशांपलीकडे जाऊ दिले जात नाही. या क्रियेनंतर चीक मधासारखा पारदर्शक तपकिरी होतो. काळा रंग हवा असेल तर लोहाचे संयुग मिसळतात. लोहाची उरुशिओलशी अभिक्रिया होऊन सगळा चीकच काळा होतो. काजळी मिसळून केलेल्या काळ्यापेक्षा हा काळा अधिक खोल दिसतो, कारण त्यात तरंगणारे रंगकण नसतात. लाल रंगासाठी हिंगूळ किंवा लोहाची तांबडी भुकटी घालतात. या भुकटीला जपानीत ‘बेंगारा’ म्हणतात आणि हे नाव ‘बंगाल’वरून आले आहे. भारतातून येणाऱ्या तांबड्या रंगाची ही खूण एका जपानी शब्दात टिकून राहिली, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

लेप पातळ का द्यावे लागतात, याचेही कारण त्याच रसायनात आहे. ऑक्सिजन आणि ओलावा वरून आत शिरतात, त्यामुळे वरचा थर आधी आवळतो. लेप जाड असेल तर खालचा भाग अजून ओला असतानाच वरची साय घट्ट होते आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. म्हणून एका वेळी कागदापेक्षाही पातळ लेप द्यायचा, तो फुरोत घट्ट होऊ द्यायचा, घासून सपाट करायचा आणि मगच पुढचा द्यायचा, याला पर्याय नाही. जपानी कारागिरांच्या संयमाचे कौतुक फार होते आणि ते योग्यच आहे, पण हा संयम केवळ स्वभावातून आलेला नाही, त्या पदार्थाने तो त्यांच्याकडून करून घेतला आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे.

या कामाचे सर्वांत पद्धतशीर रूप पाहायचे असेल तर होन्शू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतातील नोतो द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या वाजिमा या गावाकडे पाहावे. वाजिमाच्या वाटीला कच्च्या लाकडापासून शेवटच्या झळाळीपर्यंत शंभराहून अधिक टप्प्यांतून जावे लागते. केयाकीसारख्या कठीण लाकडाचा ओबडधोबड कातलेला आकार आधी धुरावर आणि मग हवेवर अनेक महिने मुरवला जातो, कारण लाकूड पुढे आकसले तर वरचे सगळे काम फुकट जाते. मग कातारी त्याला इतके पातळ कातून देतो की कडेतून उजेड दिसावा. त्यावर कच्चा उरुशी जिरवतात. वाटीची कड आणि बूड हे लवकर टवके उडणारे भाग. त्यांवर उरुशी आणि तांदळाच्या खळीच्या मिश्रणाने कापड चिकटवले जाते. नंतर येते अस्तर, आणि वाजिमाचे खरे वैशिष्ट्य त्यात आहे. गावाजवळच्या टेकडीत मिळणारी एक विशिष्ट माती भाजून तिची वस्त्रगाळ पूड करतात. तिला ‘जिनोको’ म्हणतात. ही माती म्हणजे डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या काचमय कवचांचा साठा असतो. त्या कवचांना असंख्य छिद्रे असल्यामुळे उरुशी त्यांत भिनतो आणि दोन्ही मिळून एक कठीण, टणक थर तयार होतो. भिंत रंगवण्याआधी रंगारी लांबी भरतो, तशीच ही क्रिया आहे. फरक एवढाच की इथे अस्तराचे किमान तीन हात दिले जातात, प्रत्येक वेळी पूड आधीपेक्षा बारीक घेतली जाते आणि शेवटी दगडाने पाण्याखाली घासून कडांची रेषा नेमकी केली जाते. विकत घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. तरीही दोन वाट्यांपैकी एक पन्नास वर्षे का टिकते आणि दुसरीचे दोन वर्षांत पोपडे का निघतात, याचे उत्तर या न दिसणाऱ्या थरांतच असते.

त्यानंतर मधला लेप आणि शेवटी वरचा. वरच्या लेपासाठी वेगळी खोली असते, कारण धुळीचा एक कण बसला तरी तो त्या तुकतुकीत पृष्ठभागावर कायमचा दिसतो. उरुशी पुन्हापुन्हा गाळण्यासाठी तलम हातकागद वापरतात. ब्रश मानवी केसांचा असतो. पेन्सिलीत शिसे असते तसे हे केस लाकडी पट्ट्यांमध्ये पूर्ण लांबीभर बसवलेले असतात, आणि टोक झिजले की लाकूड तासून नवे टोक काढतात. लेप दिलेल्या वाट्या फिरत्या चौकटीवर लावून फुरोत ठेवल्या जातात आणि चौकट ठरावीक वेळाने उलटसुलट होत राहते, म्हणजे ओघळ एका बाजूला जमत नाहीत. उरुशी किती वेगाने घट्ट होईल हे दिवसागणिक बदलते. त्यामुळे अनुभवी कारागीर जलद आणि संथ घट्ट होणारे चीक मिसळून आधी काचेवर चाचणी घेतो. ही सगळी कामे एकच माणूस करत नाही. लाकूड कातणारा, अस्तर देणारा, घासणारा, वरचा लेप देणारा आणि नक्षी करणारा हे सगळे वेगळे असतात. वाजिमाच्या या तंत्राला जपान सरकारने १९७७ साली महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली, ती एका व्यक्तीला नव्हे तर या साखळीला.

नक्षीच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतल्या ‘माकिए’ या एकाच पद्धतीचा इथे उल्लेख करतो, कारण तीही त्याच चिकटपणाचा उपयोग करते. ओल्या उरुशीने चित्र रेखाटायचे आणि तो घट्ट होण्याआधी बारीक नळीतून सोन्याची पूड त्यावर शिंपडायची. पूड जिथे उरुशी आहे तिथेच धरली जाते. गोन्रोकू मात्सुदा हे विसाव्या शतकातील या पद्धतीचे थोर कलावंत. त्यांना १९५५ साली, ज्याला बोलीत ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात, तो मान मिळाला. तारुण्यात त्यांनी नामिकी कंपनीच्या फाउंटन पेनांवरही माकिए केले होते.

फुटलेल्या भांड्यांना सोन्याने सांधणाऱ्या ‘किंत्सुगी’विषयीही इथेच बोलायला हवे, कारण अलीकडे आपल्याकडे त्या कलेचे प्रेरणादायी दाखले फार दिले जातात आणि त्यांत वितळलेले सोने भेगांत ओतले जाते असे सर्रास सांगितले जाते. तसे काही घडत नाही. तुकडे जोडतो तो उरुशीच. त्यात गव्हाचे पीठ मळून गोंद बनवतात, उडालेल्या टवक्यांची जागा माती मिसळलेल्या उरुशीने भरतात, प्रत्येक वेळी दमट हवेत घट्ट होण्याची वाट पाहतात आणि अगदी शेवटी सांध्यावर उरुशीची रेघ ओढून तिच्यावर सोन्याची पूड शिंपडतात. सोने दिसते, पण भार उरुशी पेलत असतो.

हे आवरण किती टिकाऊ असते याचा एक दाखला नेहमी दिला जातो. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनाहून परतणाऱ्या जपानी वस्तू घेऊन येणारे ‘नील’ हे फ्रेंच जहाज १८७४ साली इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले. समुद्रतळाशी बराच काळ पडून राहिल्यानंतर काही वस्तू वर काढण्यात आल्या, तेव्हा उरुशीच्या वस्तू जवळजवळ जशाच्या तशा निघाल्या. खारे पाणी ज्याचे काही बिघडवू शकले नाही, त्याचे सूर्यप्रकाश मात्र बिघडवतो. अतिनील किरणांनी हे जाळे तुटत जाते आणि पृष्ठभाग निस्तेज होतो. त्यामुळे देवळांच्या बाहेरच्या भागांवर ठरावीक काळाने नव्याने लेप द्यावा लागतो. रोजच्या वापराने मात्र उरुशीचे नुकसान होत नाही. नेगोरो प्रकारच्या भांड्यांत काळ्या लेपावर लाल लेप असतो. वर्षानुवर्षे हात लागून लाल झिजतो आणि खालचा काळा डोकावू लागतो. ही झीज जपानी रसिकांना इतकी आवडते की ती मुद्दाम घडवणारेही असतात. माझे मत विचाराल तर, हातांनी आणलेली झीजच पाहावी.

गोव्याचा या कथेशी खराखुरा संबंध आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मलाक्का आणि मकाव करत नागासाकीला जात. परतताना ती जेझुइटांसाठी आणि युरोपातील धनिकांसाठी खास घडवलेल्या उरुशीच्या पेट्या, ग्रंथ ठेवायच्या घडीच्या चौकटी आणि लहान देवघरे घेऊन येत. या वस्तूंवर शिंपल्यांच्या तुकड्यांचे दाट भौमितिक जडावकाम असते. पोर्तुगीजांनाच निर्यात होणाऱ्या गुजरातेतील शिंपकामाचा तो प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात. पुढे युरोपात या कामाची नक्कल सुरू झाली, आणि तिकडे उरुशीचे झाड नसल्यामुळे त्या नकलेत बहुधा आपली लाखच वापरली गेली.

आज जपानमध्ये वापरला जाणारा बहुतेक उरुशी चीनमधून येतो आणि देशी चिकाचा वाटा जेमतेम काही टक्के आहे. स्वस्त वस्तूंवर तर काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनवलेला ‘काशू’ नावाचा रंग असतो. कुळ तेच, पण त्याला दमट कपाट लागत नाही. उरलेल्या देशी चिकाचा मोठा हिस्सा इवाते प्रांतातील निनोहे शहराच्या जोबोजी भागातून येतो. तिथे चीक काढणारा एक माणूस हंगामात सुमारे ४०० झाडे हाताळतो. २०१५ साली जपानच्या सांस्कृतिक खात्याने राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या इमारतींच्या दुरुस्तीत देशी उरुशीच वापरण्याचे धोरण जाहीर केले आणि त्यासाठी वर्षाला सुमारे २.२ टन चीक लागेल असा अंदाज होता. त्या वेळचे उत्पादन त्याच्या साधारण निम्मेच होते. २०२० साली चीक काढण्याचे हे कौशल्य जपानी लाकडी वास्तुकलेच्या इतर कौशल्यांसह युनेस्कोच्या यादीत गेले. वाजिमाला मात्र १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त केले. पाठोपाठ लागलेल्या आगीत सकाळच्या बाजाराचा परिसर जळाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टीचा पूर आला. कार्यशाळा पडल्या, अवजारे गेली, कारागीर पांगले. आधी वर्णन केलेल्या साखळीतला एक जण जरी गाव सोडून गेला तरी पुढच्याचे काम अडते, त्यामुळे इमारती उभ्या राहिल्या तरी तेवढ्याने वाजिमाची वाटी पुन्हा तयार होऊ लागत नाही. जोबोजीत आणि जपानच्या इतर काही भागांत रोपे लावली जात आहेत. आज लावलेल्या रोपाच्या खोडावर पहिली चर पाडायला दहा-पंधरा वर्षे लागतील, आणि तेव्हा ती पाडणारा माणूस कदाचित आज शाळेत असेल.